आहेर, ओवाळणी आणि रिचार्ज

तृतीय वर्ष कला (समाजशास्त्र)

‘स्मार्टफोन : शाप की वरदान’ हा विषय निबंधस्पर्धांतून आणि वादसभांतून इतका घासून गुळगुळीत झाला आहे, की त्याच्या वाटेला पुन्हा जाण्याचे मला धाडस होत नाही. प्रस्तुत लेखात मी त्यापेक्षा लहान आणि घरगुती प्रश्न घेतला आहे. आपल्याकडे फोन बहुधा कुणीतरी कुणाला तरी ‘घेऊन देतो’. बाप मुलाला घेऊन देतो, भाऊ बहिणीला देतो, मुलगा आईला देतो. अशा वेळी देणारा नेमके काय देतो आणि घेणारा नेमके काय घेतो? वस्तू दिली की देणे संपते काय? आणि त्या वस्तूवर नंतर हक्क कुणाचा? माझ्या स्वतःच्या घरात घडलेल्या दोन प्रसंगांमुळे हा प्रश्न मला पडला, आणि वर्गात शिकलेल्या एका सिद्धांताने तो विचार करण्याजोगा आहे असे वाटू लागले. म्हणून हा लेखनप्रपंच.

आहेराची वही

मार्सेल मॉस हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ. एमिल दुर्खीमचा हा भाचा. भेटवस्तूंवरचा त्याचा दीर्घ निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. पॉलिनेशिया, मेलानेशिया आणि अमेरिकेचा वायव्य किनारा येथील समाजांची माहिती एकत्र करून मॉसने असे प्रतिपादन केले, की भेट ही वरवर पाहता स्वेच्छेने दिलेली दिसली तरी तिच्यामागे तीन बंधने असतात : देण्याचे बंधन, स्वीकारण्याचे बंधन आणि परतफेडीचे बंधन. न्यूझीलंडच्या मावरी लोकांत दिलेल्या वस्तूबरोबर ‘हौ’ नावाचे एक तत्त्व जाते आणि ते मूळ मालकाकडे परत येऊ पाहते, अशी समजूत होती. मॉसने तिला बरेच महत्त्व दिले. देणाऱ्याचा काही अंश वस्तूत उरतो, असा त्याचा आशय.

हा भाग वर्गात ऐकताना मला पॉलिनेशिया आठवण्याचे काहीच कारण नव्हते. मला आठवली ती आमच्या घरातील ट्रंकेतली आहेराची वही. आईबाबांच्या लग्नात कुणी काय दिले ते तिच्यात ओळीने लिहिले आहे : कुणाचे एकवीस रुपये, कुणाचे पातळ, कुणाचा स्टीलचा डबा. भावकीतली एखादी लग्नपत्रिका आली की आई ती वही काढते, नाव शोधते, आणि मग आहेर किती करायचा ते ठरते. घेतले त्यापेक्षा थोडे जास्त द्यायचे, अगदी तेवढेच दिले तर हिशेब चुकता केल्यासारखे दिसते, असे ती सांगते. मॉसने जे तीन बंधनांत मांडले ते आमच्या आईला दोन वाक्यांत ठाऊक आहे. हळदीकुंकवाचे वाण, परतीचा आहेर, भाऊबीजेची ओवाळणी, ही सगळी याच व्यवहाराची रूपे होत.

आता या वहीतल्या वस्तूंकडे नीट पाहावे. डबा दिला की तो घेणारीचा झाला. त्यात ती डाळ ठेवो की साखर, देणारा विचारायला येत नाही. पातळ नेसून फाटले, त्याची गोधडी शिवली, तरी देणाऱ्याचे देणे पहिल्याच दिवशी पुरे झालेले असते. फोन या वहीत बसत नाही, हे माझे या लेखातील मुख्य म्हणणे आहे.

थोडी पूर्वपीठिका

भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी फोन करणाऱ्याला पैसे पडतच, पण आलेला फोन उचलणाऱ्यालाही पडत. २००३ साली येणारे फोन मोफत झाले, आणि त्यानंतरच मोबाईल खऱ्या अर्थाने बाजारात, शेतात आणि रिक्षात पोचला. त्याच सुमारास ‘मिस्ड कॉल’ नावाची एक विलक्षण सामाजिक संस्था आपल्याकडे रूढ झाली. ज्याच्याकडे पैसे कमी त्याने घंटी वाजवून ठेवून द्यायचे आणि ज्याच्याकडे जास्त त्याने उलट फोन करायचा. कुणी कुणाला मिस्ड कॉल द्यावा याचेही अलिखित नियम होते. भाच्याने मामाला दिला तर चाले. जावयाने सासऱ्याला दिला तर हसे होई.

स्मार्टफोनचे युग त्यानंतरचे. ॲपलचा आयफोन २००७ साली आला आणि अँड्रॉइड प्रणालीवरचा पहिला फोन २००८ साली. परंतु आपल्या गावांत इंटरनेट खऱ्या अर्थाने शिरले ते २०१६ नंतर. त्या वर्षी ५ सप्टेंबरला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत ती ग्राहकांना फुकट मिळाली. इतर कंपन्यांनाही दर खाली आणावे लागले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ साली एक जीबी डेटासाठी सुमारे २६९ रुपये पडत. पुढे हा दर दहा रुपयांच्या आसपास उतरला. मात्र डेटा स्वस्त झाला म्हणजे फोन बाळगणे स्वस्त झाले असे नव्हे. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा खाजगी कंपन्यांनी आपले दर ठळकपणे वाढविले. सवय आधी लागली आणि बिल मागाहून आले. आवळा देऊन कोहळा काढणे ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगीच केलेली नाही.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

रिचार्जच्या हिशेबात महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. वर्षाचे ३६५ दिवस. २८ ला १३ ने गुणले तर ३६४ येतात. म्हणजे पगार वर्षातून बारा वेळा येतो आणि रिचार्ज तेरा वेळा करावा लागतो. ग्राहकांच्या तक्रारींवरून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये असा आदेश काढला, की प्रत्येक कंपनीने तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारी योजनाही ठेवली पाहिजे. अशा योजना आल्या; परंतु दुकानदार आजही सवयीने अठ्ठावीस दिवसांचाच आकडा सांगतो आणि आपणही सवयीने मान डोलावतो.

रोज दीड जीबी डेटा देणाऱ्या अठ्ठावीस दिवसांच्या योजनेला आज तीनशे रुपयांच्या आसपास पडतात. तेरा वेळचे ३,९०० रुपये झाले. दोन वर्षांचे ७,८००. साधा नवा स्मार्टफोन आठ हजारांचा धरला, तर दोन वर्षांत रिचार्जने जवळजवळ फोनचीच किंमत गाठली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच प्रकार. त्यातच अठरा टक्के वस्तू व सेवा कर येतो. तीनशेच्या रिचार्जमध्ये सुमारे ४६ रुपये कराचेच असतात.

दुसरी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोजचा दीड जीबी मध्यरात्री बारा वाजता संपतो, वापरला असो वा नसो. शिल्लक पुढे जात नाही. घरात उरलेली भाकरी सकाळी कुस्करून खाता येते. उरलेला डेटा मात्र नासून जातो. त्यामुळे वसतिगृहात रात्री अकरा वाजता ‘अजून एक जीबी आहे, संपवू या’ म्हणून नको असलेला चित्रपट पाहणाऱ्या मैत्रिणी मी रोज पाहते. काटकसरीची आपली सगळी शिकवण ‘उरवा’ असे सांगते. ही योजना ‘संपवा’ असे सांगते.

आत्याचा फोन

आता ज्या प्रसंगामुळे मी हे लिहायला घेतले तो सांगते. माझी आत्या माणदेशातील एका गावी एकटी राहते. यजमान वारले, मुलगा पुण्याजवळ कारखान्यात आहे. २०२२ च्या भाऊबीजेला बाबांनी तिला स्मार्टफोन ओवाळणीत घातला, नवे सिमकार्ड आणि चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्जही करून दिला. आत्याला एवढा आनंद झाला होता, की तिने तो आधी देवापुढे ठेवला. पुढे बँकेच्या पासबुकावर आणि आधारवर तिने तोच क्रमांक नोंदवला, कारण आता ‘आपला’ नंबर झाला होता.

चौऱ्याऐंशी दिवस जानेवारीत संपले. बाबा समजत होते, की पुढचा रिचार्ज तिचा मुलगा करतो. मुलगा समजत होता, मामांनी फोन दिला आहे म्हणजे तेच पाहत असतील. आत्याने दोघांनाही काही सांगितले नाही. काही दिवसांनी येणारे फोनही बंद झाले. आम्ही शेजारच्या काकूंच्या फोनवर तिच्याशी बोलायचो आणि ‘तिकडे रेंजच नाही’ असे म्हणून मोकळे व्हायचो. तिनेही ते खोडून काढले नाही. दिवाळीच्या तोंडावर मी सहज तिचा नंबर लावला, तर एका अनोळखी माणसाने उचलला. “ताई, चुकीचा नंबर लागलाय,” तो सौजन्याने म्हणाला.

झाले होते ते असे : बरेच दिवस वापर आणि शिल्लक नसली की कंपनी क्रमांक बंद करते, आणि बंद झालेला क्रमांक किमान नव्वद दिवस ठेवून मग दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. आत्याचा क्रमांक तसा गेला होता. त्याच्याबरोबर बँकेचे संदेश गेले, आधारचा ओटीपी गेला. आधार केंद्रात आणि बँकेत मिळून तिला तीन खेपा घालाव्या लागल्या; एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी वेगळी. मी तिला रागानेच म्हटले, “आत्या, एक शब्द बोलली असतीस तर!” ती म्हणाली, “ओवाळणी मागून घेत नसतात, बाई. आन् दर महिन्याला माहेरी तोंड उघडायचं कसं?”

या उत्तरापुढे मी निरुत्तर झाले. मॉसच्या भाषेत सांगायचे, तर आत्या परतफेडीचे बंधन पाळत होती. ती वर्षातून एकदा बाजरी, हुलगे आणि तूप पाठवते. एका ओवाळणीला ते पुरे होते. तेरा ओवाळण्यांना पुरत नव्हते. आम्ही तिला अशी भेट दिली होती, की जी दर अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा मागावी लागते. डबा देताना आपण डाळ भरून देतो ती एकदाच. पण रिकामा डबा निदान डबा तरी राहतो. रिचार्ज संपलेला फोन कोनाड्यात ठेवलेली काच होतो, आणि त्याच्याशी बांधलेले बँकखाते, ओळख, सरकारी कागद हे सगळे हळूहळू सुटू लागतात. यात कंपनीने नियमाबाहेर काही केले असे मी म्हणणार नाही. चूक आमची होती. आम्ही वस्तू दिली आणि व्यवस्था द्यायला विसरलो.

त्या भाऊबीजेपासून बाबा वर्षभराचा रिचार्ज एकरकमी करतात, आणि त्याची तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी, डेटा वगळून, स्वतंत्र योजना ठेवण्याचे कंपन्यांना बंधनकारक केले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत नव्वद दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. मला वाटले, आत्यासाठी हेच उत्तम. डेटाचे पैसे वाचतील. मी तसे सुचवले तेव्हा ती चटकन म्हणाली, “मला काय नुसतं ऐकायचंच हाय व्हय? नातीला बघायचं न्हाई?” वृद्ध बाईला इंटरनेट कशाला, हा माझ्या मनातला न तपासलेला ग्रह त्या एका वाक्याने उघडा पडला. देणाऱ्याने घेणाऱ्याची गरज परस्पर ठरवू नये, हा धडा मला पुस्तकाने नव्हे, आत्याने दिला.

उतरंड

आपल्या घरांत नवे फोन वरून येतात आणि जुने खाली उतरतात. नवा फोन बहुधा कमावत्या मुलाला, त्याचा जुना बहिणीला, तिचा आईला, आणि तडा गेलेल्या काचेचा, दुपारपर्यंतच बॅटरी टिकणारा फोन आजीला. मालिनोव्स्कीने १९२२ च्या आपल्या ग्रंथात ट्रॉब्रिअंड बेटांवरील ‘कुला’ देवघेवीचे वर्णन केले आहे. तेथे शिंपल्यांच्या माळा एका दिशेने आणि शंखांची कंकणे उलट दिशेने बेटाबेटांतून फिरत राहतात; प्रत्येकाचा हात कधी वर तर कधी खाली असतो. आपल्या घरातील फोन मात्र एकाच दिशेने वाहतो. आजीकडून नातवाकडे फोन गेल्याचे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

हे केवळ माझ्या घरापुरते नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरत असलेला मोबाईल ज्यांच्याकडे आहे अशा स्त्रियांचे देशातील प्रमाण सुमारे ५४ टक्के आढळले; आधीच्या फेरीत ते सुमारे ४६ टक्के होते. ‘प्रथम’ संस्थेच्या २०२३ च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातील ग्रामीण मुलामुलींना विचारले गेले. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण सुमारे २० टक्के होते. वापरता येणे आणि मालकीचा असणे यांतील अंतर या आकड्यांत स्पष्ट दिसते.

हे अंतर काय असते ते आमच्या पिढीने २०२० साली अनुभवले. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा मी दहावीच्या उंबरठ्यावर होते. घरात स्मार्टफोन एकच, तोही बाबांचा. बाबा कामावर जाऊ लागल्यावर तो त्यांच्याबरोबर जाई. संध्याकाळी आल्यावर आधी दादाच्या कॉलेजची व्याख्याने, आणि मग रात्री दहानंतर माझ्या शाळेच्या गटावर आलेला दिवसभराचा अभ्यास. पुढे २०२१ ची आमची दहावीची परीक्षाच रद्द झाली. ‘दादाचे वर्ष महत्त्वाचे’ असे तेव्हा मलाही मनापासून वाटत होते. याचेच आज मला अधिक नवल वाटते.

जुना फोन देण्यात काही गैर आहे असे नाही. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे खरे. पण निदान गाय दूध देते की नाही एवढे देणाऱ्याने पाहावे. जुन्या अँड्रॉइड आवृत्त्यांवर काही काळाने ॲप चालेनाशी होतात. २०२५ च्या आरंभापासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइडच्या ४.४ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांचा आधार काढून घेतला. शिवाय देताना आपले गूगल खाते आधी काढून टाकावे आणि मगच फोन पूर्ण पुसावा; नाहीतर चोरीपासून संरक्षणासाठी ठेवलेले कुलूप नव्या मालकालाच अडवते आणि जुन्या मालकाचा पासवर्ड मागते. देणाऱ्याचा अंश वस्तूत उरतो म्हणजे काय, याचे याहून शब्दशः उदाहरण मॉसलाही मिळाले नसते.

कपाटाची किल्ली

२०२३ साली मी बारावी झाले तेव्हा दादाने आपल्या पहिल्या पगारातून मला नवा फोन घेऊन दिला. उतरंडीतला नव्हे, नवा. त्याचे मोल मी जाणते. पण त्याच संध्याकाळी तो म्हणाला, “लॉक काय ठेवलंयस ते सांगून ठेव.” मी सांगितले. पुढे दोन वर्षे तो अधूनमधून माझा फोन हातात घेऊन पाहत असे. वाईट काही नव्हते, लपवण्याजोगेही नव्हते. तरीही तो फोन उघडला की मला कुणीतरी माझी पत्रे वाचत असल्यासारखे वाटे. एकदा मी विचारले तेव्हा तो सहज म्हणाला, “मीच तर घेऊन दिलाय.”

येथेच फोन इतर भेटींहून वेगळा पडतो. साडी देणारा भाऊ बहिणीच्या कपाटाची किल्ली मागत नाही. लेखणी देणारा मामा भाचीची वही वाचायला मागत नाही. फोन ही वस्तू आहे, पण तिच्यात आपली पत्रे, छायाचित्रे, मैत्री, पैसे आणि आजारपणसुद्धा साठलेले असते. वस्तू दादाने दिली; तिच्यातला मजकूर माझा आहे.

या संदर्भात केरळ उच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा निर्णय प्रत्येक विद्यार्थिनीने माहीत करून घ्यावा असा आहे. फहीमा शिरीन या महाविद्यालयीन विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढण्यात आले होते, कारण संध्याकाळी ठरावीक तासांत फोन वापरू नये हा नियम तिने मान्य केला नाही. न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानली आणि तिला वसतिगृहात परत घेण्याचा आदेश दिला. त्याआधी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितलेच होते.

पण दादा म्हणजे काही शासन नव्हे, आणि भावाबहिणीचे नाते न्यायालयात सोडवायचे नसते. मी त्याच्याशी बोलले. तो आधी दुखावला. मग म्हणाला, की त्याच्या एका मित्राच्या बहिणीला फोनवरून फसवले गेले होते आणि त्याला खरोखर भीती वाटते. ही भीती खोटी नाही. तेव्हा आम्ही असे ठरवले, की त्याने माझा फोन तपासण्याऐवजी फसवणुकीचे प्रकार मला समजावून द्यावेत, ओटीपी मी कुणालाही सांगू नये, आणि काही घडलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि त्याला, दोघांनाही, ताबडतोब कळवावे. लॉक मी बदलले. दादा अजूनही अधूनमधून “कुणाचा फोन होता?” असे विचारतो. ते मी चालवून घेते.

फुकटाचा आहेर

ॲपविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. फुकट मिळणारे ॲप हीही एक भेटच. आणि परतफेडीच्या बंधनातून तीही सुटत नाही. आपण पैशांनी नव्हे, तर वेळेने आणि माहितीने फेड करतो. त्यात एक गोष्ट मला विशेष खटकते. एखादे ॲप ‘संपर्कांची परवानगी द्या’ म्हणते आणि आपण ‘होय’ दाबतो. त्या यादीत असतात आत्या, मैत्रिणी, सर, डॉक्टर. त्यांचे क्रमांक मी त्यांना न विचारता देऊन टाकते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे ते हेच. स्वतःच्या माहितीबद्दल आपण उदार असलो तर असू. दुसऱ्याच्या माहितीबद्दल उदार होण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? विजेरीच्या ॲपला माझ्या आत्याचा नंबर कशाला हवा, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ झाले.

हॉटस्पॉट आणि विरजण

एवढे सगळे लिहिल्यावर फोनने देण्याघेण्याची जुनी रीत मोडली असा समज होईल. तो पुरता खरा नाही. आमच्या वसतिगृहात महिन्याच्या शेवटी एक वाक्य हमखास ऐकू येते : “हॉटस्पॉट देतेस का गं जरा?” ज्या मुलींचा रिचार्ज संपलेला असतो त्या दुसरीच्या डेटावर आपला अर्ज भरतात, निकाल पाहतात, घरी बोलतात. कुणी हिशेब ठेवत नाही. आई शेजारणीकडून विरजण आणते तेव्हा कुठे हिशेब असतो? विरजण दिल्याने दूध कमी होत नाही, आणि परत फेडायचे तर दह्याच्या वाटीने फेडायचे नसते. वेळ येईल तेव्हा आपणही विरजण द्यायचे असते. मध्यरात्री नासून जाणाऱ्या त्या डेटाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे येथे मागणारीला लाज वाटत नाही, कारण आज ती मागते आणि उद्या देते. आत्याला जे साधले नाही ते येथे साधते, कारण या व्यवहारात प्रवाह दोन्ही दिशांनी वाहतो.

समारोप

या विवेचनातून मला जे हाती लागले ते असे. फोनची भेट पहिल्या दिवशी पुरी होत नाही. ती दर अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. म्हणून फोन देणाऱ्याने रिचार्ज कोण करणार हे त्याच वेळी, सर्वांसमक्ष ठरवावे. घेणाऱ्यावर मागण्याची वेळ आणू नये. जुना फोन द्यायचा तर चालणारा द्यावा आणि आपले कुलूप काढून द्यावा. आणि फोन दिल्याने त्यातील मजकुरावर आपला हक्क निर्माण होत नाही, हे देणाऱ्याने ध्यानात ठेवावे. यात अवघड असे काही नाही. ओवाळणीच्या ताटात टाकलेला रुपया भाऊ परत मोजत नाही. एवढीच जुनी रीत या नव्या वस्तूला लावायची आहे.

मागच्या आठवड्यात आत्याने व्हिडिओवर फोन केला होता. समोर नात होती, म्हणून तिने आम्हालाही त्यात जोडून घ्यायला मुलाला सांगितले. बोलता बोलता तिने विचारले, “तारीख लिवून ठेवलीयास न्हवं?” मी वही उघडून तिला दाखवली. आहेराच्या वहीशेजारीच ती आता ट्रंकेत असते.